तात्पर्य कुणासाठी?

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत तुम्ही कुणालाही फोन लावला असेल, तर पलीकडे रिंग जायच्या आत अमिताभ बच्चन यांच्या आवाजाने तुम्हाला ऑनलाइन भामट्यांपासून सावध केलं असेल. जूनमध्ये ती ट्यून बंद झाली आणि देशभर हुश्श झालं. घाईच्या वेळी कानावर उपदेश आदळतो, अशी लोकांची तक्रार होती.

माझी तक्रार वेगळी आहे. आवाज उत्तम होता, शब्द सोपे होते, पण त्यात चोर नव्हता. म्हणजे तो कुठेतरी होता, पाऊस असतो किंवा उन्हाळा असतो तसा. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि त्याच्या मागे कुणी धावतही नव्हतं. सगळं बोलणं माझ्याशी चाललं होतं, आणि मी तर अजून काहीच केलेलं नव्हतं.

गुन्ह्याची गोष्ट आवाजातून सांगायची आणि शेवटी तात्पर्य जोडायचं, हा प्रकार नव्वदेक वर्षं जुना आहे. हिंजवडीहून घरी येताना कंपनीच्या बसमध्ये दीड तास जातो. तेवढ्या वेळात मी हे जुने कार्यक्रम ऐकतो. अमेरिकेतले शेकडो भाग इंटरनेटवर फुकट पडलेले आहेत. १९३५ साली फिलिप्स लॉर्ड नावाच्या निर्मात्याने एफबीआयच्या मदतीने ‘जी-मेन’ काढलं. पुढच्याच वर्षी त्याचं ‘गँग बस्टर्स’ झालं. सुरुवातीलाच सायरन, शिट्ट्या, मशिनगनचा कडकडाट. गोष्ट संपली की खऱ्याखुऱ्या फरारी गुन्हेगारांची वर्णनं वाचून दाखवायचे : उंची किती, डोळे कसे, व्रण कुठे. ‘द शॅडो’मध्ये १९३७ साली ऑर्सन वेल्स बोलत होता, आणि कार्यक्रमाचा एक प्रायोजक निळ्या रंगात रंगवलेला कोळसा विकत होता. गुन्ह्याचं फळ कडूच असतं, हे तिथे दर आठवड्याला कोळशाच्या जाहिरातीसोबत ऐकवलं जाई. जॅक वेबचं ‘ड्रॅगनेट’ १९४९ मध्ये आलं. त्याचा शेवट मला सगळ्यांत आवडतो. संगीत नाही, रडारड नाही. एक कोरडा आवाज सांगतो की आरोपीवर कुठल्या कोर्टात खटला चालला आणि त्याला काय शिक्षा झाली. संपलं.

पण ऐकण्यासारखं आहे ते ‘द व्हिस्लर’. १९४२ ते १९५५ चाललं. शीळ घालत फिरणारा एक निवेदक, आणि तो थेट गुन्हेगाराशी बोलतो. तू दार लावलंस, तू हात धुतलेस, तुला वाटतं कुणी पाहिलं नाही. ‘तू’ म्हणजे खुनी. श्रोता बाजूला बसून ऐकतोय. शेवटी काहीतरी क्षुल्लक राहून गेलेलं असतं आणि तो सापडतो. तात्पर्य त्याच्या तोंडावर फेकलं जातं.

आपल्याकडे विविध भारतीवर ‘इन्स्पेक्टर ईगल’ होता, ईगल थर्मासवाल्यांचा. इस्लामपुरात चाळिशीपलीकडच्या कुणालाही विचारा, नाव काढलं की चेहरा खुलतो. माझे थोरले काका सांगतात, रेडिओ एकच, तो चुलत्याच्या सोप्यात, आणि ईगलच्या वेळेला पोरं जोत्यावर दाटीवाटीने बसायची. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं होतं, पण ईगल ऐकायला विविध भारती लावावी लागे आणि ती खरखरत लागे. काकांच्या मते त्या खरखरीनं मजा वाढायची. बुटांचा आवाज कुठला आणि खरखर कुठली हेच कळायचं नाही. हिंदी निम्मं समजायचं. चोर सापडला हे मात्र पुरतं समजायचं.

नंतर मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आली, मराठीत. पोलिसांचा नंबर हेच मालिकेचं नाव. मग १९९८ पासून ‘सीआयडी’. मी त्याच्यावर वाढलो. दार तुटायचं, थप्पड बसायची, आणि एसीपी प्रद्युम्न फाशीची भाकितं करायचे. कायद्याचं ज्ञान शून्य, पण पत्ता बरोबर होता. थप्पड बसायची ती खुन्याला.

पुढच्या मालिकांची नावं बघा. २००३ चं ‘क्राइम पेट्रोल’ कालांतराने ‘क्राइम पेट्रोल सतर्क’ झालं. २०१२ ला ‘सावधान इंडिया’ आलं. त्या नावामागे सुरुवातीला ‘इंडिया फाइट्स बॅक’ असं शेपूट होतं, ते आता कुणाला आठवतं? राहिलं ते ‘सावधान’. ‘गँग बस्टर्स’ या नावात गँग आहे आणि ती फोडणारा आहे. ‘सावधान’ या शब्दात फक्त घाबरायचं कुणी एवढं आहे.

माझा मुद्दा एवढाच, आणि तो मी वाजवून मांडणार आहे. जुन्या गुन्हेकथेचं तात्पर्य गुन्हेगारासाठी होतं : तू सुटणार नाहीस. नव्या गुन्हेकथेचं तात्पर्य बळीसाठी आहे : तू सांभाळायला हवं होतंस. मधल्या काळात गोष्ट तीच राहिली, ऐकणारा तोच राहिला, फक्त बोट फिरलं. हे बोट आपोआप फिरलेलं नाही. ते फिरण्यात काहींचा फायदा आहे.

माझ्या मामेबहिणीला दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. मामा-मामी रात्री जेवताना हीच मालिका लावतात. एका भागात हॉस्टेलवरची पोरगी मरते. निवेदक गंभीर चेहऱ्याने सांगतो की मुलींनी कुणावर विश्वास ठेवताना दहादा विचार करावा. मामी म्हणाली, “बघ, मी म्हणत नव्हते?” बहीण आता गावाजवळच्याच कॉलेजात जाते, सकाळच्या एसटीने, मामा स्टँडवर सोडायला जातो. त्या भागातल्या खुन्याला काय शिक्षा झाली हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. शिक्षा माझ्या बहिणीला झाली, एवढं मला सांगता येईल. पण हे टीव्हीचं झालं आणि यावर बायकांनी माझ्याहून चांगलं लिहिलेलं आहे. मला आवाजाकडे यायचं आहे.

कारण आज सगळ्यांत जोरात चाललेलं श्राव्य गुन्हेनाट्य रेडिओवर नाही, फोनवर आहे. त्याचं नाव ‘डिजिटल अरेस्ट’.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना गुरुजी म्हणू. वाळवा तालुक्यातल्या निम्म्या सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांनी कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं आहे. त्यांना एके सकाळी फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. फोन ‘मुंबई पोलिसां’कडे जोडला गेला. मागे वायरलेसची खरखर, कुणीतरी “जय हिंद सर” म्हणतंय, टाइपरायटर का कीबोर्ड वाजतोय. मग व्हिडिओ, वर्दी, भिंतीवर बोधचिन्ह. दोन दिवस गुरुजी देवघराशेजारच्या खोलीत बसून होते. काकूंना सांगायचं नाही, फोन ठेवायचा नाही, झोपतानासुद्धा कॅमेरा सुरू. त्यांनी स्वतःचा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दाखवला, मार्जिन सोडून. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘न्यायाधीश’ स्क्रीनवर आले तेव्हा गुरुजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि पैशाच्या आकड्यापेक्षा हे सांगताना त्यांचा आवाज जास्त बसला.

हे नाटक कुणी लिहिलं असेल त्याला रेडिओ कळतो. वर्दी आणि भिंत दिसते खरी, पण काम आवाजच करतो. पात्रं एकामागून एक येतात, आधी कुरिअरवाला, मग हवालदार, मग साहेब, मग कोर्ट. प्रत्येकाचा स्वर आधीच्यापेक्षा खालचा आणि शांत. ‘हवामहल’च्या पंधरा मिनिटांत बसणारी रचना आहे ही. फरक एवढाच की इथे श्रोत्यालाच आरोपीची भूमिका देतात आणि त्याला ती आधी सांगत नाहीत. माणूस भोळा असतो म्हणून यात अडकत नाही. तो कायद्याला मानतो म्हणून अडकतो. पोलीस आला की उत्तर द्यावं, न्यायाधीश आले की उठावं, हे ज्याच्या अंगात मुरलंय तोच याचा उत्तम बळी. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतीसमोर तर तोतयांनी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणीच उभी केली, थेट सरन्यायाधीशांचा तोतया बसवून. सात कोटी गेले. ज्यांच्या हाताखाली वकिलांची फौज, त्यांची ही गत. मग आमच्या गुरुजींना शहाणपण शिकवणारे आपण कोण?

तर शिकवणारे आले. आठवडाभर घरात माणसं येत होती, सांत्वनाला येतात तशी. चहा घ्यायचे आणि तेच विचारायचे : “गुरुजी, तुम्ही एवढे शिकलेले. फोनवर रोज सांगत होते की, ऐकलं न्हाई व्हय?”

त्या रोजच्या ट्यूनने केलेलं काम हे. तिने गुरुजींना वाचवलं नाही. तिने शेजाऱ्यांच्या हातात एक प्रश्न दिला. गुरुजी आता सकाळी ग्राउंडवर फिरायला येत नाहीत.

आपल्या भाषेत यासाठी एक फार सोयीचं क्रियापद आहे. ‘गुरुजी फसले.’ वाक्य पूर्ण झालं. कर्ता गुरुजी, क्रिया गुरुजींची, आणि ज्याने फसवलं त्याला वाक्यात जागाच नाही. ‘घर फुटलं’, ‘खिसा कापला गेला’ यातही चोर दिसत नाही, पण निदान दोष घराला किंवा खिशाला तरी लागत नाही. ‘फसले’मध्ये दोष चिकटूनच येतो. पैसे गेले, गुरुजी फसले, तपास सुरू आहे. तिन्ही वाक्यांत माणूस एकच, तो म्हणजे गुरुजी.

२७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टचा विषय घेतला. एका तोतया पोलिसाचं आणि सापळ्यातल्या माणसाचं संभाषण ऐकवलं आणि मग तीन पायऱ्या सांगितल्या : थांबा, विचार करा, कृती करा. आकाशवाणीवरून, थेट पंतप्रधानांच्या तोंडून, गुन्ह्याचं नाट्य आणि त्याचं तात्पर्य. या कलाप्रकाराला याहून मोठा मंच मिळालेला नसेल. विषय तिथे निघाला हे चांगलंच झालं. कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नसतं, हे तिथून स्पष्ट सांगितलं गेलं तेही चांगलं. तपास यंत्रणा काम करताहेत हेही सांगितलं गेलं. पण त्या तीन क्रियापदांचा कर्ता बघा. थांबायचं मी, विचार करायचा मी, कृती करायची मी. ‘ड्रॅगनेट’चा तो कोरडा आवाज शेवटी आला नाही : अमुक जण पकडले, अमुक कोर्टात उभे केले.

आणि आकडे? गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. देशातले तिप्पट लोक एका वर्षात बेसावध झाले, असं मानायचं का? की या धंद्यातल्या कुठल्यातरी भागाची क्षमता वाढली?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हा दुसरा प्रश्न पडतो. आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की नंतर एक अहवाल लिहितात. जिथे हे नीट करतात, तिथे ‘माणूस चुकला’ हे मूळ कारण म्हणून लिहायची बंदी असते. माणूस चुकणारच, हे गृहीत. एका माणसाच्या चुकीने एवढं नुकसान होऊ शकतं अशी रचना का होती, ते लिहा. पण हे आमच्या आतल्या माणसांसाठी. ग्राहकाची गोष्ट आली की आमचीही भाषा बदलते. एका प्रकल्पात आम्ही पैसे पाठवायचा स्क्रीन करत होतो. समोरचं खातं नवं असेल आणि रक्कम नेहमीपेक्षा खूप मोठी असेल, तर व्यवहार काही तास थांबवून ठेवावा, असा विषय निघाला. व्यवहाराचा वेग कमी होईल म्हणून तो बारगळला. त्याऐवजी एक पिवळी पट्टी टाकली : कृपया खात्री करा. दुरुस्तीला महिने लागले असते, पट्टीला अर्धा दिवस लागला. पट्टीचा आणखी एक उपयोग असतो. उद्या भांडण झालंच, तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणता येतं.

इशारा म्हणजे मदतच असते असं नाही. कित्येकदा ती नोटीस असते, आणि ती बजावली की जबाबदारी हलते. एसटी स्टँडवरची ‘खिसेकापूंपासून सावध रहा’ ही पाटी आणि ‘सामानाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर’ ही पाटी, दोन्ही एकाच पेंटरने रंगवलेल्या असतात.

आपल्या नियमातही हेच आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं समजलं जातं, आणि काही अंशी ते आहेच. तुमच्या नकळत, बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा शून्य. पण ओटीपी तुम्ही सांगितला किंवा पैसे तुम्ही स्वतः पाठवले, तर सगळं तिथेच थांबतं. गुरुजींनी पैसे स्वतः पाठवले. शर्टाच्या खिशात चालू फोन घेऊन ते बँकेत गेले. तीस वर्षांची ठेव मुदतीआधी मोडली आणि कधी नाव ऐकलं नव्हतं अशा खात्यात आरटीजीएस केलं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “प्लॉट घेताय का गुरुजी?” गुरुजी “होय” म्हणाले. खिशातल्या माणसाने त्यांना तेच सांगायला लावलं होतं. ठेव मोडल्याची पावती व्यवस्थित मिळाली.

आता पैसे जिथे उतरले त्या खात्याकडे बघा. हा सगळा धंदा दोन गोष्टींवर चालतो, भाड्याने दिलेली खाती आणि भाड्याने दिलेली सिमं. कुणा गरजू पोराच्या नावावर खातं उघडतात, त्याला चार पैसे देतात, पासबुक-कार्ड काढून घेतात. काल हजार रुपये असलेल्या खात्यात आज वीस लाख येतात आणि तासाभरात दहा फाटे फुटून जातात. हे माणसाला दिसत नसेल, मशीनला दिसतं. रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकायला ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना ती वापरायचं आवाहन केलं. म्हणजे दुखणं कुठे आहे ते माहीत आहे. फोन करणारे तरी कोण? मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून भारताने ५४९ जणांना विमानाने परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेलेले आणि तिथे कुंपणाआड फसवणुकीच्या कामाला जुंपलेले बरेच जण त्यांत होते. पलीकडून “जय हिंद सर” म्हणणारा पोरगा कदाचित स्वतःच कुणाच्या तरी कैदेत असतो. केवढी गोष्ट आहे ही! ‘गँग बस्टर्स’वाल्यांना वर्षभर पुरली असती. आपण तिच्यातून काढलं काय, तर ‘ओटीपी सांगू नका’.

ब्रिटनने दुसरं तात्पर्य काढलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नियम आहे की फसवून पैसे पाठवायला लावलं असेल तर बहुतेक प्रकरणांत बँकेने भरपाई द्यायची, ८५,००० पौंडांपर्यंत. आणि तो बोजा निम्मा पाठवणाऱ्या बँकेने, निम्मा ज्या बँकेत पैसे उतरले तिने उचलायचा. हा दुसरा निम्मा महत्त्वाचा. भामट्याचं खातं सांभाळणं बँकेला महाग पडू लागलं की कुठल्याही ट्यूनशिवाय बँक सावध होते.

इशाऱ्यांनी कुणीच वाचत नाही का, असं मला विचारतात. वाचतात ना. आणि १९३० वर तातडीने कळवल्यावर पैसे गोठवता आले अशी प्रकरणंही पुष्कळ आहेत. पण गोठवणारी ती यंत्रणा आहे, उपदेश नव्हे. नंबर लक्षात राहावा म्हणून ट्यून वाजवा, माझी हरकत नाही. यंत्रणेची गोष्ट सांगायची सोडून तेवढंच वाजवत राहण्याला हरकत आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जुन्या रेडिओचं तात्पर्य म्हणजे पोलिसांची जाहिरातच होती की! होतीच. हूव्हरने एफबीआयची प्रतिमा अशा कार्यक्रमांवर घडवली. ‘ड्रॅगनेट’ लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या सहकार्याने निघत होतं, आणि १९५१ च्या नाताळात त्याच पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना, त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे, बेदम मारलं होतं. तसला भाग रेडिओवर कसा येणार? गुन्हेगार कोण हे ठरवणाराच जेव्हा गोष्ट सांगतो, तेव्हा काय होतं हे वाळव्याला कुणी शिकवायची गरज नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, पण नजर अजून गेलेली नाही. आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली १९५९ मध्ये. सरकारी दप्तरातला दरोडेखोर तिथे नायक आहे.

म्हणूनच मला आमच्या भागाच्या गोष्टी इथे आणायच्या आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे याच तालुक्यातले. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं बसवली. दरोडेखोर, सावकार, बायकांना छळणारे यांना तळपायावर कशा काठ्या बसल्या हे म्हातारी माणसं अजून चवीने सांगतात. त्या न्यायात चुका झाल्या नसतील असं मी म्हणत नाही. बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर खुनांनंतर वर्षानुवर्षं डोंगरात फरारी होते, उतारवयात प्रवचनं करायचे, २०१८ च्या जानेवारीत वारले. त्यांना ‘ढाण्या वाघ’ म्हणणारी माणसं आजही आहेत. कायद्याच्या दृष्टीने ते काय होते हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लोकांनी ती गोष्ट जपली, कारण तिच्यात कुणीतरी गुंडाला विचारतं : तू का केलंस? बाईने सांभाळून राहायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही पारावर बसलेले असणारच. पण ते गोष्टीचं तात्पर्य नव्हतं.

जुन्या रेडिओने खोटं वचन दिलं असेल. पण वचन खोटं ठरलं तर ते घेऊन दारात जाऊन उभं राहता येतं. तुम्ही म्हणाला होता सुटणार नाही, मग कसा सुटला? इशारा घेऊन कुणाच्या दारात उभं राहणार? इशारा उलट तुमच्याच दारात येऊन उभा राहतो. गुरुजींच्या दारात तो आठवडाभर चहा पीत बसला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटल अरेस्टची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला. बँकांची भूमिकाही तपासा, असं सांगितलं. ज्यांच्या नावाची बनावट नाटकं चालली होती त्यांनीच खरी सुनावणी लावली, हे बरं झालं. त्याचं पुढे जे होईल ते होवो. मला त्याचा रेडिओ कार्यक्रम हवा आहे.

खरंच हवा आहे. सांगली केंद्रावरून, मराठीत, आठवड्याला पंधरा मिनिटं. अनोळखी लिंकचा विषय काढायचा नाही, तो सगळ्यांचा पाठ झाला आहे. एका भागात एक खातं घ्या : कुठल्या शाखेत उघडलं, कागदपत्रं कुणी तपासली, हजार रुपयांच्या खात्यात वीस लाख आले तेव्हा कुठला दिवा लागला आणि तो कुणी विझवला. दुसऱ्या भागात एक सिम कार्ड घ्या. तिसऱ्यात कुंपणाआड बसून फोन करणाऱ्या पोराला बोलू द्या, त्याला नेणारा एजंट कुठल्या गावचा हेही येऊ द्या. बळीचं नाव कुठेच नको. आणि शेवटी संगीत न वाजवता कोर्टाचं नाव, तारीख आणि शिक्षा. शिक्षा झाली नसेल तर तेही तितक्याच कोरडेपणाने : अमुक तारखेपर्यंत आरोपपत्र नाही. गुरुजींच्या तक्रारीला चौदा महिने झाले. त्यांच्या ठेवीपासून सुरुवात करायला हरकत नाही.